तारखेला हात लावण्याआधी

पोरी, धडगावात संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलंस हे फार बरं केलंस. आजवर शहाद्याहून माणूस बोलवावा लागायचा. तो म्हसावदवरून घाट चढून यायचा, चहा घ्यायचा, "मशीन जुनं झालंय, नवं घ्या" एवढं सांगायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आता सोसायटीचे सचिव, आश्रमशाळेचे क्लार्क, पतपेढीवाले, मेडिकलवाले सगळे तुझ्याच दारात येणार. आणि लिहून ठेव, नव्या लॅपटॉपपेक्षा जुन्या प्रोग्रामची दुखणीच जास्त येतील. त्यातलं नेहमीचं दुखणं एकच: "मॅडम, तारीख घेत नाही."

फॉक्सप्रो आणि क्लिपरमध्ये प्रोग्राम लिहून द्यायचा माझा धंदा बंद होऊन बराच काळ लोटला. तरी या एका तक्रारीबद्दल जे मला ठाऊक आहे ते तुझ्या कोर्सच्या पुस्तकात नाही, म्हणून सांगतो. मामा बोलतोय म्हणून नुसती मान डोलवू नकोस, वहीत उतरव.

आल्याबरोबर प्रोग्राम उघडायचा नाही. आधी मशीनचं घड्याळ बघायचं. मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपली की वीज जाऊन आल्यावर जुनं मशीन थेट १ जानेवारी १९८० वर जाऊन बसतं. आपल्या डोंगरात वीज किती वेळा जाते ते मी तुला सांगायला नको. बॅटरी बदल, तारीख लाव, आणि बिल बॅटरीचं आणि येण्याजाण्याचंच कर. "सॉफ्टवेअर दुरुस्ती" असं लिहून जास्तीचे घेतलेस तर समोरच्याला कळणार नाही हे खरं, पण सचिवाचा पोरगाही कधीतरी हेच शिकून येईल. बॅटरी बसवून लगेच उठायचंही नाही. घड्याळ बिघडल्यापासून कोणी नोंदी केल्या का ते विचारायचं. १९८० च्या तारखेनं पडलेल्या पावत्या खात्यात तशाच राहिल्या तर मार्चअखेर व्याज काढताना तोच सचिव कपाळाला हात लावून तुझ्याकडे येईल.

घड्याळ ठीक असेल तर मग प्रोग्रामच्या गणिताकडे वळायचं. सन २००० चा घोळ तेव्हाच संपला असं सगळे म्हणतात. संपला नाही, पुढे ढकलला गेला. तो कसा, ते समजून घे.

असे प्रोग्राम ज्या डीबीएफ फाइलमध्ये माहिती ठेवतात, तिथं तारीख आठ अक्षरांत बसते. चार वर्षाची, दोन महिन्याची, दोन दिवसाची. म्हणजे साठवण धडधाकट आहे. घोटाळा होतो तो पडद्यावर. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं वर्षाला दोनच घरं ठेवलेली. क्लार्कनं ०५/०४/०१ टाकलं की क्लिपर आपल्या मनानं पुढे १९ लावतो आणि कर्ज १९०१ साली वाटलं असं लिहून मोकळा होतो. आता हिशेब कर. पाच हजारांचं कर्ज, बारा टक्के सरळ व्याज, वसुली ३१ मार्च २००२ ला. खरं व्याज सहाशेच्या आत. प्रोग्राम काढतो साठ हजार पाचशेच्या वर. एवढी मोठी चूक लगेच दिसते, म्हणून ती सोपी. कोणीही बघून म्हणेल, हे चुकलंय.

दुरुस्तीही सोपी. मूळ कोड हाताशी असेल तर सुरुवातीला एक ओळ घालायची, सेट इपॉक टू १९५०. मग दोन आकडी ५० ते ९९ म्हणजे १९५० ते १९९९, आणि ०० ते ४९ म्हणजे २००० ते २०४९. यालाच खिडकी म्हणतात. त्या धावपळीत जगभर अशाच खिडक्या बसवल्या गेल्या, कारण स्वस्त पडत आणि झटपट होत. आपल्या सरकारनंही तेव्हा हे काम मनावर घेतलं होतं. १ एप्रिल १९९९ ते ३१ मार्च २००० या एका वर्षात संगणक सन २००० साठी सज्ज करायला केलेला खर्च वजा मिळावा म्हणून आयकर कायद्याच्या कलम ३६ मध्ये खास पोटकलम घातलं गेलं. खिडकी बसवणाऱ्यांनी मात्र एक विचार केला नाही. कर्जाच्या तारखेला जी खिडकी चालते ती माणसाच्या जन्मतारखेला चालत नाही.

समज, श्रावणबाळ योजनेच्या यादीचा एखादा घरगुती प्रोग्राम आहे. आजीचा जन्म १९४८ चा. क्लार्क टाकतो ४८. खिडकी म्हणते २०४८. आजी अजून जन्मालाच आलेली नाही, वय उणे. प्रोग्राम कुठे ओरडत नाही, भोंगा वाजत नाही; "६५ पेक्षा जास्त" या चाळणीतून तिचं नाव गुपचूप गळतं. व्याजाच्या चुकीत आकडा फुगून डोळ्यात भरतो, इथं एक ओळ कमी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून वरवरची खिडकी न बसवता वर्षाचे चारही आकडे मागणारा पडदा कर. सेट सेंच्युरी ऑन, आणि घर रुंद कर. काम वाढतं, छापील तक्त्यांची मांडणी हलते, सचिव कुरकुर करतो. करू दे. अगदीच खिडकी ठेवायची वेळ आली तर जन्मतारखेची वेगळी आणि व्यवहाराची वेगळी ठेव, आणि ती कोणत्या साली फुटणार ते पहिल्याच पडद्यावर मराठीत लिहून ठेव.

आपल्या तालुक्यात हे जास्त जपायचं कारण तुला माहीत आहे. इथं तारखेवर जमीन ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी कुटुंबाचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा हवा. इतर पारंपरिक वननिवासींना त्याच तारखेच्या मागची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. म्हणजे १९३० पर्यंत मागे जायचं. दाव्यांची यादी ठेवणाऱ्या कुठल्याशा जुन्या प्रोग्राममध्ये ३० हा आकडा १९३० चा की २०३० चा, हे तू बसवलेल्या एका ओळीवर ठरणार असेल तर ती ओळ घालायच्या आधी दहादा विचार कर.

आता तू विचारशील, मामा, प्रोग्राम दुसऱ्यानं लिहिलेला, मी त्यात हात घालू शकते का?

बहुतेकांना वाटतं, सोसायटीनं पैसे मोजले म्हणजे प्रोग्राम सोसायटीचा. तसं नाही. बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतला आणि हक्क लेखी करून दिले नाहीत, तर कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच राहतो. सोसायटीकडे असते ती एक प्रत आणि ती वापरायचा परवाना. पगारी नोकरानं नोकरीच्या कामात लिहिला असेल तर मालकाचा, ती गोष्ट वेगळी. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं प्रतधारकाला अगदीच उघड्यावर टाकलेलं नाही. कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्यानं तो ज्या कामासाठी घेतला त्या कामासाठी वापरता यावा म्हणून त्यात फेरफार केला, तर तो हक्कभंग धरला जात नाही. बॅकअप घेण्यालाही त्याच कलमात मुभा आहे. लेखकाला आपल्या कृतीची मोडतोड थांबवायचा जो खास हक्क कलम ५७ देतं, त्यातूनही असा फेरफार वगळलेला आहे. व्याज काढायला घेतलेला प्रोग्राम व्याज नीट काढेनासा झाला आणि तो तेवढ्यापुरता सुधारला, तर ते या कलमाच्या पोटात बसतं असं मी धरून चालतो.

धरून चालतो म्हणालो, कारण कलमात चूक दुरुस्त करण्याचा थेट शब्द नाही. युरोपात तो आहे. तिथल्या १९९१ च्या निर्देशातच कायदेशीर खरेदीदाराला चुका दुरुस्त करायची मोकळीक दिली होती. बेल्जियम सरकारच्या नोकरभरती कार्यालयानं टॉप सिस्टिम नावाच्या कंपनीचा प्रोग्राम चूक काढण्यासाठी उलगडला, कंपनी कोर्टात गेली, आणि ६ ऑक्टोबर २०२१ ला युरोपच्या न्यायालयानं सांगितलं की दुरुस्तीसाठी लागेल तेवढं उलगडणं चालतं, मात्र कराराच्या अटी पाळून आणि तेवढ्याच कामापुरतं. आपल्याकडे तो निकाल लागू नाही. तरी "तेवढ्याच कामापुरतं" हे मनावर कोरून घे. तारीख दुरुस्त करायला उघडलेल्या प्रोग्राममध्ये "जाता जाता" दुसरं काही करायचं नाही. त्यातला व्याजाचा तक्ता उचलून स्वतःच्या प्रोग्राममध्ये टाकायचा नाही. लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावरून पुसून आपलं घालायचं तर मुळीच नाही. हा मोह कसा होतो ते मला माहीत आहे, सुधारलेल्या प्रोग्रामवर आपलं नाव छान दिसतं.

आणि मुभा प्रतधारकाला आहे, तुला नाही. तू त्याचा हात म्हणून काम करतेस. म्हणून सचिवाच्या सहीशिक्क्याचं पत्र घेतल्याशिवाय कीबोर्डला बोट लावू नकोस. पत्रात प्रोग्रामचं नाव, कोणाकडून कधी घेतला, काय बिघडलंय आणि काय करायला सांगितलंय एवढं हवं. हे पत्र माहिती तंत्रज्ञान कायद्यासाठीही लागतं. त्या २००० च्या कायद्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा संगणकाचा ताबा असणाऱ्याच्या परवानगीविना केलेली कामं भरपाईला पात्र होतात, आणि तीच अप्रामाणिकपणे केली तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चेअरमन आणि सचिव यांचं पटत नसेल, आणि आपल्याकडे कधी पटतं, तर पत्राशिवाय केलेलं चांगलं कामही एका गटाला घातपात वाटतं.

प्रतच चोरीची निघाली तर? निघेलच. शेजारच्या सोसायटीकडून फ्लॉपीवर उचलून आणलेले प्रोग्राम अजून चालू आहेत. तिथं कलम ५२ चं छत्र नाही. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्याला कलम ६३ब मध्ये सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलाय. कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट सौम्य होऊ शकतं. तू अशा प्रतीला ठिगळ लावू नकोस. त्यातली माहिती बाहेर काढून दे. माहिती सोसायटीची आहे, तिच्यावर प्रोग्रामवाल्याचा हक्क नाही. डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडते, प्रोग्रामला स्पर्शही करावा लागत नाही. नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर घाबरू नकोस. तो बहुधा पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टंकलेला इस्की मजकूर असतो, त्याचं युनिकोड करून घेता येतं. करताना जोडाक्षरं तपास. पाडवींचं आणि पावरांचं नाव बिघडलं तर खातं कोणाचं यावरून भांडण.

एका सोसायटीत तुझी दुरुस्ती चालली की दुसरी म्हणेल, आम्हालाही ती फाइल द्या. सुधारलेली चालू फाइल द्यायची नाही. ती मूळ लेखकाची कृती आहे, तू वाटलीस की प्रत काढून वाटल्यासारखं होतं. कुठे काय बदललं ती रीत सांगायला मात्र हरकत नाही, ती तुझी. दुसऱ्या सोसायटीची प्रत कायदेशीर असेल तर तिथं जाऊन, तिचं पत्र घेऊन, तिच्याच प्रतीवर काम कर.

आता कुलपाकडे येऊ. इथंच माणसाची परीक्षा आहे.

पुष्कळ छोट्या प्रोग्रामवाल्यांनी प्रोग्रामच्या पोटात तारखेचं कुलूप ठेवलेलं असतं. ३१ मार्च आला की प्रोग्राम बंद. देखभालीचे पैसे भरले की फोनवर एक कोड मिळतो, तो टाकला की पुढचं वर्ष सुरू. सोसायटीचा क्लार्क यावर एक अक्कल लढवतो, मशीनचं घड्याळच मागे नेतो. मग वर्षभराच्या पावत्या मागच्या तारखांनी पडतात आणि वर पेनानं खाडाखोड. तुला बोलावतील ते "तारखेचा प्रॉब्लेम" म्हणून. हा प्रॉब्लेम तारखेचा नसतो, बिलाचा असतो. प्रोग्रामवाला जिवंत आहे, फोन उचलतो, त्याचे पैसे थकलेत, तर ते कुलूप तू तोडायचं नाहीस. पैसे जास्त वाटत असतील तर घासाघीस करून दे, माहिती काढून दे, दुसरा प्रोग्राम सुचव.

प्रोग्रामवाला वारला, दुकान उठलं, नंबर बंद, अशी वेळ आली तर? लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट वारसांकडे राहतो, तेव्हा बेवारस समजून तुटून पडू नकोस. शेवटच्या पत्त्यावर सोसायटीनं पत्र पाठवायचं, पोहोच किंवा परत आलेलं पाकीट फाइलला लावायचं, घरच्यांचा शोध घ्यायचा. बहुतेकदा बायको किंवा मुलगा सापडतो आणि म्हणतो, "तुम्हीच बघा काय ते." हे चार शब्द कागदावर घे, सही घे. कोणीच सापडलं नाही तर कलम ६५अ वाच. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेल्या या कलमात कुलूप तोडणं गुन्हा आहे, पण हक्कभंगाच्या इराद्यानं तोडलं तर. कायद्यानं मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर नाही. आणि त्यातच तुझ्यासाठी एक अट आहे जी फारसं कोणी वाचत नाही: दुसऱ्याला असं कुलूप उघडायला मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कशासाठी मदत केली याची पूर्ण नोंद ठेवायची. म्हणजे वही ठेवणं हा माझा म्हातारचळ नाही, कायद्याचं कलम आहे. लांब रेषांची, पानांवर छापील आकडे असलेली वही घे, म्हणजे पान फाडलं की कळतं.

कुलूप नेहमी बिचाऱ्या गरीब प्रोग्रामवाल्याचंच असतं असं मात्र नाही. पोलंडमध्ये नेवाग कंपनीच्या रेल्वेगाड्या दुसऱ्या कारखान्यात देखभालीला दिल्या की चालेनाशा होत. ड्रॅगन सेक्टर नावाच्या गटातल्या पोरांनी गाडीचा प्रोग्राम उलगडला आणि २०२३ च्या डिसेंबरात जगापुढे मांडला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एका गाडीत अशी अट होती: दिवस २१ किंवा पुढचा, महिना ११ किंवा पुढचा, वर्ष २०२१ किंवा पुढचं, तर कॉम्प्रेसर बिघडल्याचं दाखवायचं. कंपनीनं सगळं नाकारलं आणि त्यांच्यावरच दावे ठोकले. त्या अटीतली गंमत बघितलीस का? तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्यामुळे १ डिसेंबरला गाडी बरी होणार आणि २१ ला पुन्हा आजारी पडणार. लबाडी करायलाही तारखेचं गणित पक्कं लागतं. तुला असं काही सापडलं तर आधी पडद्याचे फोटो काढ, फाइलचा हॅश काढ, सचिवाला आणि ऑडिटरला लेखी कळव. गावभर सांगत सुटू नकोस.

घड्याळ मागे नेण्याची एक जुनी सभ्य रीतही आहे. अठ्ठावीस वर्षांनी वार आणि तारखा पुन्हा जुळतात, लीप वर्षासकट. १९०१ ते २०९९ पर्यंत तरी जुळतात. म्हणून काही ठिकाणी जुनी यंत्रं अठ्ठावीस वर्षं मागे ठेवून चालवली गेली. नुसता पंप चालू-बंद करणारं यंत्र असेल तर खुशाल कर. ज्या यंत्रातून पावती, दाखला, बिल बाहेर पडतं तिथं नाही. मेडिकलच्या बिलिंगवर तर मुळीच नाही. घड्याळ मागे गेलं की मुदत संपलेलं औषध प्रोग्रामला ताजं वाटतं, आणि ते घेणारा माणूस बिलगाव-तोरणमाळकडून चालत आलेला असतो. दुकानदार म्हणेल, "एवढा स्टॉक निघेपर्यंत." उठून ये.

तसंच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणीतरी येईल आणि हळू आवाजात म्हणेल, मागच्या तारखेची एक पावती काढता येईल का. तो तारखेचा प्रॉब्लेम नव्हे, खोटा अभिलेख आहे. संगणकातला खोटा अभिलेखही कागदाच्या बनावटगिरीइतकाच मोजला जातो. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून तुला एक वाक्य देऊन ठेवतो: "माझ्या वहीत लिहावं लागेल, साहेब." बहुतेक तिथंच चहा मागवून विषय बदलतात.

माणसाच्या तारखांबद्दल तर अजूनच जपून. आपल्याकडे निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी अंदाजे वर्ष धरायचे आणि १ जून लिहून टाकायचे. पुढे देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला दिलं गेलं, आणि ज्यांनी नुसतं वय सांगितलं त्यातल्या बऱ्याच जणांच्या आधारवर १ जानेवारी आली. आता दोन याद्या जुळत नाहीत म्हणून आश्रमशाळेचा क्लार्क तुला म्हणेल, असा प्रोग्राम लिहा की सगळे १ जून १ जानेवारी होतील. लिहायला पाच ओळी पुरतील. लिहायच्या नाहीत. जन्मतारीख बदलायचा अधिकार ना तुला, ना त्याला. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा काय सांगतो बघ: चूक सापडली तर निबंधकानं मूळ नोंदीला धक्का न लावता समासात दुरुस्ती लिहायची, सही करायची, तारीख घालायची. त्या कलमाचा, कलम १५ चा, कित्ता तू संगणकात गिरव. जुना रकाना तसाच ठेव, शेजारी नवा उघड, कोणी, कधी, कशाच्या आधारावर बदललं ते लिही. तारीख माहीतच नसेल तर रकाना रिकामा सोड. रिकाम्या जागी १ जानेवारी १९०० भरणारे प्रोग्राम मी पाहिलेत. त्या एका सवयीमुळे पुढच्या माणसाला तारीख माहीत नव्हती की खरंच तशी होती हे कधीच कळत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. तू गणित दुरुस्त केलंस, आजपासून व्याज बरोबर. मग कालपर्यंत जे चुकीचं वसूल झालं त्याचं काय? सचिव म्हणेल, "जाऊ द्या, पुढचं नीट झालं ना." पुढचं पाठ, मागचं सपाट. पण ज्याच्याकडून जास्त घेतलं तो ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो. होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराला गावी येतो आणि तेव्हाच कधीतरी पासबुक उघडून बघतो, तेही वाचता येत असेल तर. परतावा द्यायचा की नाही हे तू ठरवू शकत नाहीस. तुझ्या हातात एवढंच आहे की दुरुस्तीच्या आधीच्या प्रतीवर आणि नंतरच्या प्रतीवर तीच खाती चालवून फरकाची यादी काढायची आणि सही घेऊन सचिवाला द्यायची, एक प्रत ऑडिटरसाठी. यादी दिली आणि त्यांनी कपाटात टाकली तर ते त्यांच्यावर. यादीच काढली नाही तर तुझ्यावर. खातेदाराच्या घरी जाऊन सांगायचं का, असं विचारशील. मी म्हणेन, नाही, खात्याची माहिती परवानगीविना बाहेर नेणं वेगळा गुन्हा ठरू शकतो. पण खातेदार स्वतः तुझ्या दुकानात येऊन विचारू लागला तर "मला माहीत नाही" असंही म्हणायचं नाही. "सोसायटीत लेखी मागा, यादी आहे," एवढं म्हणायला कोणी अडवत नाही.

ही यादी आणि वही कोर्टातही उपयोगी पडते. वसुलीचं प्रकरण उभं राहिलं की संगणकाचे उतारे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे उताऱ्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याचे दोन भाग, एक देणाऱ्याचा आणि एक जाणकाराचा, आणि त्यात हॅशही भरायचा. संगणक त्या काळात नीट चालत होता, किंवा बिघाड असला तरी त्यानं नोंदीवर परिणाम झाला नाही, असं लिहून द्यायचं असतं. तू मधेच गुपचूप ठिगळ लावलेलं असेल तर तो सचिव हे कोणत्या तोंडानं लिहिणार? आणि जाणकाराच्या जागी सही करायला तुलाच बोलावतील, तेव्हा आधी वही उघड.

सोसायट्यांचं एक बरं आहे, हे जुने प्रोग्राम आता फार दिवसांचे सोबती नाहीत. २९ जून २०२२ ला केंद्रानं ६३,००० प्राथमिक सोसायट्या एकाच सामाईक सॉफ्टवेअरवर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. जुन्यातून नव्यात माहिती नेताना जुन्या तारखा नव्या घरात कायमच्या बसतात. जे तपासायचं ते नेण्याआधी तपास. कर्जाची तारीख सोसायटी स्थापन होण्याआधीची निघते का, जन्म कर्जानंतरचा निघतो का, २९ फेब्रुवारी लीप नसलेल्या वर्षात पडलाय का, एवढ्या तीन चाळण्या लावल्यास तरी पुष्कळ कचरा वर येतो.

पतपेढीचे आणि इतरांचे प्रोग्राम मात्र राहतील, आणि त्यांच्यासाठी पुढची तारीख ठरलेली आहे. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी ३२ बिटांची घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतात आणि उलटी फिरून ग्रिनिचच्या हिशेबानं १३ डिसेंबर १९०१ ला जाऊन पोहोचतात. वनहक्काचीही तारीख १३ डिसेंबरच, योगायोग दुसरं काय. पण २०३८ ला अजून वेळ आहे असं कोणी म्हटलं तर त्याला पंधरा वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता कधी येतो ते मोजून दाखव. त्याच वेळी ही भीती घालून कोणाला नवं मशीन विकू नकोस. आधी चाचणीच्या मशीनवर, नेटवर्कची तार काढून, माहितीची प्रत घेऊन, घड्याळ २०३८ च्या पुढे ने आणि प्रोग्राम चालवून बघ. चालला तर "चालतो" असं लिहून दे आणि तपासणीचे तेवढे पैसे घे.

बिलावर काय लिहायचं तेही सांगतो. कोणत्या फाइलमध्ये, कोणती ओळ किंवा कोणतं ठिकाण, आधी काय होतं, आता काय आहे, दुरुस्ती कोणत्या सालापर्यंत चालेल. बदलण्याआधीची मूळ फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर पाकिटात घालून, पाकिटावर दोघांच्या सह्या करून सोसायटीच्याच कपाटात ठेवायची. तुझ्या दुकानात प्रत ठेवायची नाही, कितीही आग्रह केला तरी. पोच मात्र वहीत घे.